महाराष्ट्रातील जातीय अत्याचार : आकडे, कारणे आणि कायद्याचा कागद

दवनीवाडा आणि आजूबाजूच्या गावांत तरुणांच्या बैठका घेताना आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : खैरलांजीला इतकी वर्षे झाली, तरी हे थांबत का नाही? खैरलांजी आपल्याला दूरची नाही. ती शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात आहे आणि १ मे १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडाऱ्याचाच भाग होता.

आकडे काय सांगतात?
राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार देशात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे २०२१ मध्ये ५०,९०० आणि २०२२ मध्ये ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. महाराष्ट्रात २०२० ते २०२२ या काळात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. हे फक्त नोंदलेले गुन्हे आहेत. आकडा वाढतो तेव्हा त्यात तक्रार करण्याचे धाडसही असते. म्हणून ज्या गावात एकही नोंद नाही, ते गाव सुरक्षित आहे असे समजू नये.

कारणे
२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मागे शेतीचा वाद होता आणि एका मारहाण प्रकरणात मायलेकींनी दिलेली साक्ष होती. २०१३ मध्ये सोनईत तीन तरुण मारले गेले, कारण आंतरजातीय प्रेमसंबंध. २०१४ मध्ये खर्ड्यात सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा जीव गेला. तिथेही वरच्या जातीतील मुलीशी असलेल्या ओळखीचा राग असल्याचे फिर्यादीत होते. २०२३ मध्ये नांदेडजवळील बोंढारच्या तरुणाच्या खुनाला भीमजयंती साजरी केल्याचा राग कारण असल्याची फिर्याद आहे.

जमीन, साक्ष, प्रेम, जयंती : निमित्ते वेगळी, पण प्रत्येक ठिकाणी आपला माणूस ठरवून दिलेल्या जागेवरून उठला होता. बाबासाहेबांनी दिलेला स्वाभिमान गावातील जुन्या उतरंडीला सलतो. दुसरीकडे मजुरी, उसनवारी, शेताची वाट यांसाठी आपली घरे त्याच लोकांवर अवलंबून असतात. त्यामुळे साक्षीदार टिकत नाहीत. खर्डा प्रकरणात अनेक साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले.

कायदा कुठे अडतो?
खैरलांजी प्रकरणी २००८ मध्ये भंडारा सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद ठरवली. पण ॲट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा सिद्ध झाला नाही. हत्येमागे सूड मानला गेला, जात नव्हे.

२६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही अडचण बरीच कमी केली. गंभीर गुन्ह्यात आता पीडित अनुसूचित जातीचा आहे हे आरोपीला माहीत होते, एवढे पुरते. आणि आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत असेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, ही माहिती होती असे न्यायालय गृहीत धरते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?
- फिर्यादीत दोन्ही बाजूंची जात आणि आधीची ओळख लिहून घ्या. जातीचा दाखला लगेच जोडा.
- फिर्याद वाचून दाखवणे व प्रत देणे पोलिसांवर कलम ४ नुसार बंधनकारक आहे.
- नियम ७ नुसार तपास किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो. तो कोण, हे विचारा.
- कलम १५-अ नुसार साक्षीदाराला संरक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी लेखी अर्ज करा.
- जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. इतिवृत्त मागा.

मोर्चा निघालाच पाहिजे. पण मोर्चा पांगल्यावर साक्षीदार आपल्या घरी एकटा असतो. निकाल लागेपर्यंत त्याच्या मजुरीची आणि मुलांच्या शाळेची काळजी वस्तीने घेतली, तरच कायद्याचा कागद उभा राहील.

जय भीम!