पशुपालनातील प्रतिजैविके

दूध, मांस, अंडी यांसाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या आणि मासे यांना दिली जाणारी जिवाणूनाशक किंवा जिवाणूंची वाढ रोखणारी औषधे. पेनिसिलीन, टेट्रासायक्लिन, सेफ्टिओफर, एन्रोफ्लॉक्सासीन, टायलोसीन, कोलिस्टीन ही त्यांतील नेहमीची नावे. प्रयोगशाळेत तयार होणारी सल्फा गटातील औषधेही व्यवहारात यांतच मोजतात. यांतील बहुतेक औषधे, किंवा त्यांच्या अगदी जवळची औषधे, माणसांच्या उपचारांतही वापरली जातात.

या वापरामुळे अन्नसुरक्षेचे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला अवशेषांचा : औषधाचा अंश दुधात, मांसात किंवा अंड्यात उतरणे. दुसरा औषधरोधाचा : जनावराच्या अंगातील जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होणे आणि हे जिवाणू किंवा त्यांची जनुके माणसांपर्यंत पोहोचणे. ठरावीक दिवस थांबून मग दूध विकले, की पहिला प्रश्न सुटतो. दुसरा तसा सुटत नाही, कारण अंशमात्र औषध नसलेल्या मांसावरही रोधक जिवाणू असू शकतात. पशुपालनातील औषधांवरच्या नियंत्रणाने गेल्या सत्तर वर्षांत पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे वाटचाल केली आहे.

वापराचे प्रकार : (1) उपचार : आजारी जनावराला औषध देणे. दुभत्या गाई-म्हशींत याचे सर्वांत मोठे निमित्त म्हणजे कासदाह, म्हणजेच दगडी. यात इंजेक्शने देतात आणि सडातून औषधाच्या ट्यूबही सोडतात. (2) सामूहिक उपचार : कळपात किंवा शेडमध्ये काही पक्षी वा जनावरे आजारी दिसताच सगळ्यांना पाण्यातून किंवा खाद्यातून औषध देणे. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेका पक्ष्याला वेगळे काढणे शक्य नसते. (3) प्रतिबंध : रोगाचे लक्षण नसताना, धोका गृहीत धरून औषध देणे. गाय आटवताना चारही सडांत ट्यूब सोडणे हे याचेच उदाहरण. (4) वाढवर्धन : वजन लवकर भरावे आणि खाद्य कमी लागावे म्हणून अत्यल्प मात्रा रोजच्या खाद्यात मिसळणे. वाद सर्वाधिक झाला तो या चौथ्या प्रकारावर. अल्प मात्रा दीर्घकाळ मिळत राहिली, की नाजूक जिवाणू मरतात आणि चिवट तेवढे टिकून वाढतात.

इतिहास : वाढवर्धनाचा शोध दुसऱ्याच एका शोधातून लागला. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड हे कोंबड्यांच्या खाद्यासाठी ब-12 जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. क्लोरटेट्रासायक्लिन तयार करताना उरलेला चोथा पिलांना घातल्यावर त्यांची वाढ केवळ जीवनसत्त्वाने होईल त्याहून अधिक झाली. ही वाढ चोथ्यात राहिलेल्या औषधामुळे होती, हे 1950 पर्यंत स्पष्ट झाले. 1951 मध्ये अमेरिकेने खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास परवानगी दिली, 1953 मध्ये ब्रिटननेही दिली. अंगणातल्या कोंबड्यांच्या जागी बंदिस्त शेडमधील कुक्कुटपालन आणि वराहपालन येण्याच्या काळात हे औषध खाद्याचाच एक घटक बनले. भारतात पुण्याजवळ पिंपरी येथे सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी 1954 मध्ये स्थापन झाली आणि देशात पेनिसिलीन बनू लागले. पुढे औषधे स्वस्त झाली, तशी ती गोठ्यापर्यंतही सहज पोहोचली.

अवशेष : अवशेषांची पहिली तक्रार दुग्धप्रक्रिया करणाऱ्यांकडून आली. दही आणि चीज ज्या जिवाणूंच्या विरजणावर होतात, ते पेनिसिलीनच्या सूक्ष्म अंशानेही मरतात. कासदाहावर उपचार सुरू असलेल्या गाईचे दूध मिसळले गेले, की चीजचा सगळा घाणा बिघडत असे. माणसाच्या आरोग्याला होणारा अपाय औषधागणिक बदलतो. पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्यांना अल्प अंशही त्रास देऊ शकतो. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित अस्थिमज्जा निकामी होते आणि त्याची निर्धोक मात्रा ठरवता येत नाही, म्हणून अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत ते अनेक देशांनी पूर्णपणे वर्ज्य ठरवले आहे. नायट्रोफ्युरान गटावर कर्करोगाच्या शंकेमुळे तशीच बंदी आली.

उरलेल्या औषधांसाठी कमाल अवशेष-मर्यादा ठरवल्या जातात. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कोडेक्स आयोगाने दुधातील बेंझिलपेनिसिलीनची मर्यादा किलोमागे 4 मायक्रोग्रॅम, तर टेट्रासायक्लिन गटाची लिटरमागे 100 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. दूध उकळल्याने यांतील बहुतेक औषधे पुरती नष्ट होत नाहीत. त्यामुळे मर्यादा पाळण्याचा खरा मार्ग म्हणजे प्रतीक्षाकाळ : औषधाच्या शेवटच्या मात्रेनंतर जितके दिवस दूध, अंडी विकायची नाहीत आणि जनावर कापायचे नाही तो काळ. भारतात 2012 च्या औषध नियमांतील दुरुस्तीनुसार हा काळ औषधाच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले. एखाद्या औषधासाठी तो स्वतंत्रपणे ठरवलेला नसेल, तर दूध व अंड्यांसाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी 28 दिवस धरावे लागतात. माशांसाठी 500 अंश-दिवसांचा हिशेब आहे. पाण्याचे तापमान 25 अंश असेल तर हे 20 दिवस होतात.

दुधाची तपासणी दोन प्रकारे होते. संकलनाच्या वेळी पट्टीची चाचणी काही मिनिटांत ठरावीक गटांची औषधे दाखवते. प्रयोगशाळेत उष्णताप्रिय जिवाणूंच्या वाढीवर आधारलेली चाचणी वापरतात. दूध शुद्ध असेल तर जिवाणू वाढतात, आम्ल तयार होते आणि माध्यम जांभळ्याचे पिवळे होते. औषध असेल तर रंग बदलत नाही. नेमके औषध आणि त्याचे प्रमाण शोधायचे, तर द्रवरूप वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमिती ही महागडी यंत्रणा लागते.

औषधरोध : जिवाणूंतील रोध फक्त वंशपरंपरेने पुढच्या पिढीत जातो, असा पूर्वी समज होता. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून जपानमधील त्सुतोमु वातानाबे आणि इतर संशोधकांनी आमांशाच्या जिवाणूंवर केलेल्या कामातून दिसले, की एकाच वेळी अनेक औषधांविरुद्धचा रोध एका जिवाणूकडून भिन्न जातीच्या जिवाणूकडेही जाऊ शकतो. प्लास्मिड या सुट्या जनुकवलयांतून ही देवाणघेवाण होते. त्यामुळे कोंबडीच्या आतड्यातील निरुपद्रवी जिवाणूत तयार झालेला रोध माणसाच्या रोगजंतूपर्यंत पोहोचू शकतो. त्याच्या वाटा अनेक आहेत : कच्चे मांस हाताळणे, अर्धवट शिजलेले अन्न, शेडवर काम करणारी माणसे, आणि शेणखतातून माती व पाणी. जनावराने घेतलेल्या औषधाचा मोठा भाग शेण-मूत्रावाटे बाहेर पडत असल्याने गोठ्याबाहेरही रोधक जिवाणूंना वाव मिळतो. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टेट्रासायक्लिन गटातील औषध मिसळलेले खाद्य खाणाऱ्या कोंबड्यांच्या आतड्यांत आठवड्याभरात रोधक जिवाणूंचे प्राबल्य झाले. काही महिन्यांत ते त्या शेतावर राहणाऱ्या माणसांतही आढळले, आणि त्यांनी स्वतः ते औषध घेतलेले नव्हते.

जगभरात 2019 मध्ये सुमारे 12.7 लाख मृत्यू थेट औषधरोधक जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज 2022 मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. यांतील किती वाटा पशुपालनाचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. माणसांवरील अनिर्बंध वापर हे मोठे कारण आहेच. तरीही काही जिवाणूंच्या बाबतीत संबंध स्पष्ट दिसतो. कोंबड्यांतील कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू फ्लुओरोक्विनोलोन गटाला दाद देईनासे झाल्याने अमेरिकेने 2005 मध्ये कुक्कुटपालनातील एन्रोफ्लॉक्सासीनची परवानगी काढून घेतली.

निर्बंध : ब्रिटनमध्ये वासरांतील रोधक साल्मोनेला जिवाणूंमुळे माणसांत आजार पसरल्यानंतर मायकेल स्वान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या 1969 च्या अहवालाने औषधांचे दोन भाग पाडले. माणसांच्या उपचारांत लागणारी औषधे खाद्यात मिसळायची नाहीत आणि बाकीची चालतील, असा त्याचा आशय होता. ही विभागणी पुढे अपुरी ठरली. ॲव्होपार्सीन हे औषध माणसांना कधीच दिले जात नव्हते, पण त्याची रासायनिक घडण रुग्णालयांत शेवटचा आधार असलेल्या व्हॅन्कोमायसीनसारखी होती. एकाला सरावलेले जिवाणू दुसऱ्यालाही दाद देईनात. डेन्मार्कने 1995 मध्ये आणि युरोपीय संघाने 1997 मध्ये त्यावर बंदी घातली.

स्वीडनने सर्व वाढवर्धक प्रतिजैविके 1986 मध्येच थांबवली होती. युरोपीय संघात 1 जानेवारी 2006 पासून ती पूर्ण बंद झाली. 28 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांनी नित्याचा प्रतिबंधक वापरही बंद केला. गोठा-शेडची अस्वच्छता किंवा अपुरी देखभाल झाकण्यासाठी औषध देता येणार नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेत माणसांसाठी महत्त्वाच्या औषधांचा वाढवर्धक वापर 2017 पासून थांबला.

चीनमधील संशोधकांनी नोव्हेंबर 2015 मध्ये डुकरांत आणि मांसात कोलिस्टीनविरोधी रोधाचे एमसीआर-1 हे जनुक प्लास्मिडवर आढळल्याचे प्रसिद्ध केले. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून कोलिस्टीन माणसांच्या उपचारांतून मागे पडले होते, पण इतर औषधे निष्प्रभ ठरू लागल्यावर अतिदक्षता विभागांत ते परत आले. दरम्यान पशुखाद्यात मात्र ते टनावारी वापरले जात होते. चीनने 2017 मध्ये त्याचा वाढवर्धक वापर थांबवला. भारताने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत, कुक्कुटपालनात, मत्स्यपालनात व पशुखाद्यात वापरण्याच्या कोलिस्टीनचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली.

पर्याय : वाढवर्धके काढून घेतली, की सुरुवातीला आजार वाढतात. स्वीडन व डेन्मार्कमध्ये आईपासून तोडलेल्या डुकराच्या पिलांत हगवण वाढली आणि उपचारासाठी लागणारे औषधही काही काळ वाढले. उतारा पडला तो पिले उशिरा तोडणे, गर्दी कमी करणे, खाद्यातील प्रथिने बेताची ठेवणे आणि लसीकरण यांतून. डेन्मार्कने 1995 मध्ये पशुवैद्यकांच्या औषधविक्रीतील नफ्यावर मर्यादा घातली आणि 2010 मध्ये प्रमाणाबाहेर औषध वापरणाऱ्या वराहपालकांना ‘पिवळे कार्ड’ देण्याची पद्धत आणली. नेदरलँड्समध्ये 2009 नंतर काही वर्षांतच औषधांची विक्री निम्म्याहून कमी झाली. नॉर्वेत सामन मत्स्यपालनाला 1987 मध्ये सुमारे 50 टन प्रतिजैविके लागत होती. तेलयुक्त लस आल्यावर उत्पादन अनेक पटींनी वाढले, तरी हा आकडा एका टनाच्या आसपास आणि नंतर त्याहूनही खाली आला.

दुभत्या जनावरांत धारेपूर्वी व धारेनंतर सड निर्जंतुक करणे, धार काढल्यावर काही वेळ जनावराला बसू न देणे, गोठा कोरडा ठेवणे आणि कासदाहाची पूर्वचाचणी करणे हे उपाय औषधाची गरजच कमी करतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कासदाहासाठी कोरफड, हळद व चुना यांच्या लेपाचाही प्रसार करते.

भारत व महाराष्ट्र : 2010 मध्ये जगातील पशुपालनात सुमारे 63,000 टन प्रतिजैविके वापरली गेली, असा एक अंदाज आहे. त्यात चीन, अमेरिका व ब्राझीलनंतर भारताचा क्रम लागतो. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने 2014 मध्ये दिल्ली परिसरातील कोंबडीचे 70 नमुने तपासले, तेव्हा 40 टक्के नमुन्यांत अवशेष मिळाले. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने घेतले. त्यांपैकी फक्त 12 नमुन्यांत आरोग्याला घातक भेसळ निघाली, 77 नमुन्यांत मर्यादेबाहेर प्रतिजैविके, तर 368 नमुन्यांत खाद्यातील बुरशीमुळे येणारे अफ्लाटॉक्सिन एम-1 आढळले. दुधाच्या भेसळीची चर्चा जितकी होते, तितकी या दोन दोषांची होत नाही.

याचे एक कारण खरेदीच्या पद्धतीत आहे. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट व 8.5 एसएनएफ (फॅट वगळता उरणारे घन घटक) या मापावर ठरतो. औषधमुक्त दुधाला त्या मापात जागा नाही. गावच्या संकलन केंद्रात अनेक घरांचे दूध एकत्र होते, त्यामुळे एका गाईचा दोष मोठ्या साठ्यात विरून जातो आणि तो कोणाचा हे शोधता येत नाही. उपचारानंतरचे सात दिवस दूध ओतून द्यायचे, तर दोन-चार जनावरांच्या घराला ते नुकसान एकट्याने सोसावे लागते. ब्रॉयलरच्या करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनी देते, तर शेड आणि मेहनत शेतकऱ्याची असते. त्यामुळे औषधाचा निर्णय बहुधा त्याच्या हातात नसतो. राज्यात अन्न व औषध प्रशासनाकडे औषधविक्री आणि दुधाचे नमुने हे दोन्ही विषय आहेत, मात्र गोठ्यातील उपचार पशुसंवर्धन विभागाच्या कक्षेत येतो.

बाजारातला नमुना तपासून अवशेष सापडतो. औषधरोध आवरायचा असेल, तर कोणत्या जनावराला कोणते औषध, का आणि किती दिले याची नोंद लागते. युरोपीय संघाने 3 सप्टेंबर 2026 पासून लागू होणारी आयातीची अट याच दिशेची आहे : आयात होणारे प्राणिजन्य पदार्थ ज्या प्राण्यांपासून मिळाले, त्यांना वाढवर्धक म्हणून प्रतिजैविके आणि माणसांसाठी राखून ठेवलेली औषधे दिलेली नसावीत. भारतातून तिकडे जाणाऱ्या कोळंबीसारख्या मालासाठी त्यामुळे निर्दोष नमुना पुरेसा ठरणार नाही, तळ्यावरची औषधांची नोंदवहीही दाखवावी लागेल. देशांतर्गत दूध-अंड्यांच्या खरेदीत अशी नोंद अजून दराशी जोडलेली नाही.