छायाचित्रामागची नावे : होमाई व्यारावाला आणि बडोदे

ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात एका वृत्तछायाचित्रकर्तीचे स्मरण करावे, हे काही वाचकांना अनपेक्षित वाटेल. परंतु गतकाळाचे जतन हे आपल्या संस्थांचे मुख्य कार्य मानले, तर श्रीमती होमाई व्यारावाला यांच्या उत्तरायुष्याची हकीकत आपल्याला जवळचीच आहे. कारण ती बडोद्यात घडली.

होमाईबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारीस एका पारशी कुटुंबात झाला. नवसारी त्या वेळी बडोदे संस्थानात मोडत असे. याच संस्थानात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास पाचारण करून ग्रंथालय-चळवळीची पद्धतशीर उभारणी आरंभिली होती. वडील फिरत्या नाटकमंडळीत असल्याने होमाईबाईंचे बालपण स्थिर नव्हते. पुढे मुंबईस जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि माणेकशा व्यारावाला यांच्याकडून त्यांनी छायाचित्रणाची विद्या आत्मसात केली. माणेकशांशीच त्यांचा विवाह झाला. आरंभीची त्यांची काही छायाचित्रे पतीच्या नावावर प्रसिद्ध झाली.

१९४२ साली हे दांपत्य ब्रिटिश माहिती विभागाच्या नोकरीनिमित्त दिल्लीस गेले आणि होमाईबाईंच्या कॅमेऱ्यासमोर इतिहास घडू लागला. जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेवर काँग्रेसजनांनी हात उंचावून दिलेले मत, १६ ऑगस्टचे लाल किल्ल्यावरील ध्वजारोहण, माउंटबॅटन यांचे प्रस्थान, गांधीजींची, नेहरूंची आणि शास्त्रीजींची अंत्ययात्रा – हे सारे त्यांनी टिपले. ३० जानेवारी १९४८ च्या प्रार्थनासभेस मात्र त्या उपस्थित नव्हत्या आणि ही खंत त्यांना अखेरपर्यंत राहिली. ‘डालडा १३’ हे त्यांचे टोपणनाव मोटारीच्या नंबरपाटीवरून पडले होते.

१९६९ साली पतीचे निधन झाले. वृत्तछायाचित्रणात शिरलेली धसमुसळी वृत्ती त्यांना रुचेना, आणि १९७० साली त्यांनी व्यवसायच सोडला. पुढे मुलासह त्या बडोद्यास स्थायिक झाल्या. १९८९ साली हा एकुलता एक मुलगाही गेला. त्यानंतर एका लहानशा घरात, बागेची निगा राखीत, त्या एकट्या राहिल्या. ज्या स्त्रीने राष्ट्राचा जन्म टिपला, तिचे राष्ट्राला जवळजवळ विस्मरण झाले होते.

हे विस्मरण दूर झाले ते प्रामुख्याने एका अभ्यासिकेच्या चिकाटीमुळे. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियातील प्राध्यापिका सबीना गाडीहोक यांनी होमाईबाईंशी स्नेह जोडला, त्यांच्या छायाचित्रांचा अभ्यास केला आणि त्यांच्या आठवणी नोंदविल्या. त्यातून १९९८ चा अनुबोधपट आणि २००६ चे चरित्रपर पुस्तक सिद्ध झाले. २०१० साली होमाईबाईंनी आपला संग्रह दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानकडे सोपविला. त्याच वर्षी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कार्याचे प्रदर्शन भरले. २०११ साली पद्मविभूषण मिळाले, आणि १५ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, बडोद्यासच त्यांचे देहावसान झाले.

पद्मविभूषण आणि मृत्यू यांत वर्षभराचेच अंतर होते. त्या सन्मानाचे मोल कमी नाही. तथापि त्याहून मोठा सन्मान त्याआधीच झाला होता. कोणी तरी त्यांच्याजवळ बसून, एकेक छायाचित्र हाती घेऊन, त्यामागची हकीकत ऐकली होती. छायाचित्र चेहरा दाखविते, नाव सांगत नाही. तो क्षण कोणता, शेजारी उभे कोण, आधी काय घडले, हे सांगणारा साक्षीदार गेला की उत्तम छायाचित्रही मुके होते.

आपल्यासारख्या जुन्या ग्रंथालयांच्या भिंतींवर गणेशोत्सवांची, व्याख्यानमालांची, वार्षिक सभांची कितीतरी समूहचित्रे टांगलेली असतात. त्यांतील मंडळींची नावे सांगू शकणारे सभासद आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. शाल-श्रीफळ अवश्य द्यावे. पण त्याआधी ती चित्रे खाली उतरवून त्यांच्यापुढे ठेवावीत, आणि ते सांगतील ती नावे मऊ पेन्सिलीने मागील बाजूस लिहून घ्यावीत.