दुहेरीची शिडी

परवा आमचा भाचा विचारत होता, "मामा, टेनिसच्या दुहेरीत दोघं मिळून खेळतात, मग जगातला पहिला क्रमांक एकट्याचा कसा?" मला प्रश्न आवडला. त्याला तेव्हा चहाबरोबर थोडक्यात सांगितलं, इथे जरा नीट लिहितो.

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संगणकावर काढलेली क्रमवारी एकेरीसाठी १९७३ मध्ये सुरू झाली, दुहेरीसाठी १९७६ मध्ये. दुहेरीतही क्रमांक प्रत्येक खेळाडूला वेगळा मिळतो. बक्षिसाची रक्कम दोघांत वाटली जाते, पण गुण दोघांनाही पूर्ण मिळतात. त्यामुळे जोडी फुटली तरी ज्याचे गुण त्याच्यापाशी राहतात.

शिडीची खालची पायरी फार लहान आहे. सर्वांत छोटी स्पर्धा जिंकली तर १५ किंवा २५ गुण. त्यावरच्या चॅलेंजर स्पर्धांत विजेत्याला ५० पासून १७५ पर्यंत, मग २५० गुणांच्या स्पर्धा, आणि ग्रँड स्लॅम जिंकल्यास २०००. पहिल्याच फेरीत हरलं तर बहुतेक ठिकाणी हाती भोपळा! शिवाय गुण ५२ आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी जिंकलेलं यंदा पुन्हा जिंकलं नाही तर माणूस खाली घसरतो.

खरी मेख प्रवेशात आहे. दोघांच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्यांची बेरीज कमी त्यांना आधी घेतात. म्हणजे दीडशेव्या क्रमांकाच्या खेळाडूला मोठ्या स्पर्धेत शिरायचं तर साठाव्या क्रमांकाचा जोडीदार हवा. पण साठाव्याने त्याच्याबरोबर का खेळावं? म्हणून या मंडळींचं वरसंशोधन वर्षभर चालू असतं. आज याच्याबरोबर, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याबरोबर!

आणि ही शिडी एकदा काढून घेण्याचीही वेळ आली होती. २००५ मध्ये एटीपीने ठरवलं की दुहेरीचे सेट छोटे करायचे आणि २००८ पासून मुख्यतः एकेरीत खेळणाऱ्यांनाच दुहेरीत घ्यायचं. प्रेक्षक एकेरीतल्या नामवंतांना बघायला येतात, हा त्यामागचा विचार. दुहेरीचे खेळाडू अमेरिकेत थेट न्यायालयात गेले. शेवटी तडजोड झाली. ड्यूसनंतर एकाच गुणावर निकाल आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर आला, पण दार उघडं राहिलं.

ते दार बंद झालं असतं तर कोणाचं नुकसान झालं असतं? आपल्या कूर्गच्या रोहन बोपण्णाचं. एकेरीत तो कधी २१३ च्या वर गेला नाही, तेही २००७ मध्ये. म्हणजे मोठ्या स्पर्धेच्या एकेरीत त्याला जागा मिळणं कठीणच. त्याने दुहेरीची वाट धरली. पाकिस्तानच्या ऐसाम कुरेशीबरोबर चॅलेंजर खेळत खेळत २०१० मध्ये अमेरिकन ओपनची अंतिम फेरी गाठली, आणि २०१३ मध्ये तो क्रमवारीत तिसरा झाला. मग घसरणही आली. गुडघ्यांतली कूर्चा झिजली होती, तेव्हा त्याने अय्यंगार योगाची कास धरली. पुण्यात बसून बी. के. एस. अय्यंगारांनी जगभर पोचवलेला तोच योग. तरी २०२१ मध्ये सामने सारखे हरत असताना 'आता पुरे' असं पत्नीला कळवलं होतं, हे त्यानेच पुढे सांगितलं.

पण थांबला नाही. २०२२ मध्ये बालेवाडीला रामकुमार रामनाथनबरोबर त्याने महाराष्ट्र ओपन जिंकली. तिथेच २०१९ मध्ये तो दिविज शरणबरोबर जिंकला होता. २०२३ पासून ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन जोडीला आला. जानेवारी २०२४ मध्ये दोघांनी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि बोपण्णा ४३ व्या वर्षी जगात पहिला झाला. या वयात पहिल्यांदा तिथे पोचलेला दुसरा कोणी नाही. पुरुष दुहेरीतलं त्याचं हे पहिलंच ग्रँड स्लॅम, तेही ६१ व्या प्रयत्नात आणि १९ वेगवेगळ्या जोडीदारांनंतर. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

भाच्याला मी एवढंच म्हटलं, "बाबा रे, यादीत नाव एकाचं असतं, पण ते वर चढवायला एकोणीस जण लागले." यावर तो म्हणाला, "मग त्या एकोणीस जणांची नावं कोणी का लिहीत नाही?" याचं उत्तर मामापाशी नव्हतं. सगळी मलाही आठवत नाहीत. काही वर लिहिली आहेत, तेवढी तरी लक्षात ठेवू या.

असो. चहा केव्हाच गार झाला होता.