मतासाठी तीन वाटा

ब्रिटनमधल्या स्त्री-मताधिकाराच्या लढ्याची गोष्ट बहुधा दोन गटांची म्हणून सांगितली जाते. अर्ज करणाऱ्या मवाळ आणि काचा फोडणाऱ्या जहाल. टिळक-गोखल्यांमुळे ही जोडी आपल्या ओळखीची, म्हणून पटकन पटते. पण तिथे एक तिसरी वाटही होती.

आधी मवाळ. १८६६ साली जॉन स्टुअर्ट मिल यांनी सुमारे १,५०० स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज संसदेत मांडला. १८९७ मध्ये गावोगावच्या संस्था एकत्र आल्या. मिलिसेंट फॉसेट त्यांच्या नेत्या. सभा, पत्रकं, खासदारांच्या गाठीभेटी असं हे चिवट काम होतं. पण विधेयकं यायची आणि बारगळायची.

या वाट पाहण्याला कंटाळून एमेलिन पँकहर्स्ट यांनी १९०३ साली मँचेस्टरमध्ये नवी संघटना काढली. घोषणा होती, शब्द नकोत, कृती हवी. १९०५ मध्ये त्यांची मुलगी क्रिस्टाबेल आणि गिरणी कामगार ॲनी केनी यांनी लिबरल पक्षाच्या सभेत मताधिकाराचा प्रश्न विचारला. दोघींना अटक झाली. दंड भरण्याऐवजी त्यांनी तुरुंग पत्करला आणि वर्तमानपत्रांना हा विषय टाळता येईना. पुढे दुकानांच्या काचा फुटल्या, टपालपेट्या आणि रिकामी घरं पेटली. १९०९ पासून तुरुंगात उपोषणं सुरू झाली. सरकारने नाकातोंडातून नळी घालून बळजबरीने अन्न घातलं.

आता तिसरी वाट. पँकहर्स्ट यांच्या संघटनेत निर्णय मोजक्याच जणी घेत. मताचा हक्क मागणाऱ्या संघटनेत सभासदांच्याच मताला किंमत नाही, हे शार्लट डेस्पार्ड यांच्यासारख्यांना पटलं नाही. १९०७ मध्ये त्या बाहेर पडल्या आणि विमेन्स फ्रीडम लीग उभी राहिली. त्यांचं म्हणणं सोपं होतं. सरकार आम्हाला नागरिक मानत नाही ना? मग आम्ही कर भरणार नाही. १९११ च्या जनगणनेत आमची नोंदही करू देणार नाही. जनगणनेच्या बहिष्कारात मग पँकहर्स्ट यांच्या अनुयायीही उतरल्या.

करबंदी करणाऱ्यांत महाराजा रणजितसिंह यांची नात सोफिया दुलीपसिंह होत्या. त्या पँकहर्स्ट यांच्याही संघटनेत होत्या, म्हणजे या वाटांमध्ये भिंती नव्हत्या. दंड न भरल्याने त्यांची हिऱ्यांची अंगठी जप्त करून लिलावात काढली गेली. एका मैत्रिणीने ती विकत घेऊन त्यांना परत दिली. या सगळ्यात कुणाचं घर जळलं नाही, पण सरकारची अडचण मात्र झाली.

गांधीजी १९०६ आणि १९०९ मध्ये लंडनमध्ये होते. या स्त्रियांचं धैर्य त्यांना भावलं, तोडफोड पटली नाही.

१९१८ मध्ये, महायुद्ध संपत आलेलं असताना, तीस वर्षांवरील आणि मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या स्त्रियांना मत मिळालं. पुरुषांना ते एकविसाव्या वर्षीच होतं. बरोबरी आली १९२८ मध्ये. श्रेय कुणाचं, हा वाद अजून चालतो. माझ्या मते एकट्या कुणाचंच नाही. मवाळांनी संसदेत माणसं जोडली, जहालांनी विषय विसरू दिला नाही. आणि तिसऱ्या वाटेने दाखवलं की हक्क मागताना आपल्या संघटनेतही तो द्यावा लागतो आणि लढ्याची किंमत आधी स्वतः मोजावी लागते. आपल्याकडच्या चळवळींनाही हाच प्रश्न विचारून बघा.