कूगन कायदा : बालकलाकाराच्या कमाईला संरक्षण
चार्ली चॅप्लिन यांच्या ‘द किड’ (१९२१) या मूकपटामुळे बालनट जॅकी कूगन जगभर गाजला. सज्ञान झाल्यावर मात्र आई व सावत्र वडिलांनी आपली बहुतेक कमाई उधळल्याचे त्याला कळले. अज्ञान मुलाच्या उत्पन्नावर तेव्हा पालकांचाच हक्क होता. १९३८ मध्ये त्याने दावा लावला. हाती थोडकेच लागले. त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात हा कायदा झाला.

भारतात बालकामगारविषयक २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. दिवसाला ५ तासांहून अधिक काम आणि त्याच्या इच्छेविरुद्ध सहभाग वर्ज्य आहे. चित्रीकरणाची परवानगी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून निर्मात्याने घ्यायची असते. घरीच मुलांच्या चित्रफिती काढून कमावणाऱ्या कुटुंबात मात्र निर्माता व पालक एकच असतात. तेथे मुलाची संमती तपासणारा तिसरा कोणी नसतो.