७८ मिनिटं

१९ जुलै २०२४, शुक्रवार. वेळा भारतीय.

त्याआधी : नवी आवृत्ती आली की लगेच घ्यायची नाही, एक-दोन आवृत्त्या मागंच राहायचं, हा संगणक विभागातल्या जुन्याजाणत्यांचा शिरस्ता. क्राउडस्ट्राइकच्या ‘फाल्कन’ या सुरक्षा-सॉफ्टवेअरमध्ये तशी सोयही होती. पण मुख्य प्रोग्रामपुरतीच. हल्ल्यांच्या नव्या तऱ्हा ओळखायला लावणाऱ्या छोट्या फाइली मात्र न विचारता येऊन बसायच्या.

सकाळी ९.३९ : २९१ क्रमांकाची फाइल सुटली. तिला एकविसावा रकाना तपासायचा होता, प्रोग्रामपाशी होते वीस. फाइल तपासणाऱ्या यंत्रणेतच दोष होता, म्हणून ती पास झाली. एरवी एखादा प्रोग्राम बंद पडून भागलं असतं. पण फाल्कनची बैठक थेट विंडोजच्या गाभ्यात. तिथं चूक झाली की अख्खा संगणक आडवा. निळा पडदा, पुन्हा सुरू, पुन्हा निळा पडदा.

१०.५७ : फाइल मागं घेतली. यानंतर संगणक उघडणाऱ्यांना काहीच झालं नाही. लोकल चुकून उशिरा पोचलेल्या कुणाकुणाचा लॅपटॉप असा वाचला असणार!

दुपार : दुरुस्ती सोपी होती, पण करायची कशी? दुरुस्त फाइल उतरवून घेण्याइतका वेळ संगणक शुद्धीवरच राहीना. मग एकेका यंत्रापुढं बसायचं, सेफ मोडमध्ये शिरायचं, ती फाइल हातानं पुसायची. डिस्क कुलूपबंद असेल तर आधी ४८ आकडी किल्ली टाइप करायची. आणि काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या, तोच निळा पडलेला. काही यंत्रं पंधरा-पंधरा वेळा बंद-चालू केली तर सावरतात, असं मायक्रोसॉफ्टनंच सांगितलं. म्हणजे आपल्याकडचा घरगुती उपाय अधिकृत झाला.

इंडिगोचे कर्मचारी बोर्डिंग पास हातानं लिहीत होते. रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्यानुसार दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला. शेअर बाजार सुरळीत.

शनिवार : मायक्रोसॉफ्टचा अंदाज आला, ८५ लाख संगणक. विंडोजवाल्या यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी. पण ती विमानतळांवरची, रुग्णालयांतली, बँकांतली. अमेरिकेतल्या डेल्टा विमान कंपनीची पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली.

फाल्कनच्याच जुन्या, ७.११ च्या आधीच्या आवृत्त्यांना धक्का लागला नाही. शिरस्ता पाळून फक्त एक-दोन पावलं मागं राहिलेले मात्र इतरांसारखेच सापडले. त्या छोट्या फाइली केव्हा घ्यायच्या, हे ठरवायची मुभा कंपनीनं ग्राहकांना दिली ती या सगळ्यानंतर.