बार्शीचे मेहबूब, महाराष्ट्राचे अमर शेख

१/१४
२० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे मेहबूब हुसेन पटेल यांचा जन्म झाला. गायक, कवी, नट आणि राजकीय कार्यकर्ता अशा चारही नात्यांनी महाराष्ट्राने पुढे त्यांना ओळखले. मात्र या नावाने नव्हे. ही कथा शाहीर अमर शेख यांची.

२/१४
बार्शी ही जुनी व्यापारी पेठ. १८९७ मध्ये अरुंद मापाच्या बार्शी लाइट रेल्वेने ती मोठ्या लोहमार्गाशी जोडली गेली. पुढे कापडगिरण्या आल्या. शेत सोडून गिरणीत आलेला कामगार गावाकडची ओवी आणि पोवाडा सोबत घेऊन आला. अमर शेख घडले ते या दोन जगांच्या सीमेवर.

३/१४
गाण्याचा पहिला संस्कार घरचा. आई मुनेरबी यांच्या तोंडच्या मराठी ओव्या आणि लोकगीते ही त्यांची शाळा. मुस्लिम घरातील मुलाला जात्यावरच्या गाण्यांचा वारसा मिळावा, यात त्या काळच्या बार्शीला काही नवल वाटले नसावे.

४/१४
जिल्हा तेव्हा धगधगत होता. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघा सोलापूरकरांना येरवड्यात फाशी देण्यात आली. मेहबूब तेव्हा १४ वर्षांचे होते.

५/१४
गरिबीमुळे शिक्षण अर्धवट राहिले. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार अशी कामे त्यांनी केली. बार्शीच्या गिरणी संपात पुढाकार घेतल्याबद्दल त्यांना विसापूरच्या तुरुंगात जावे लागले. तेथे साम्यवादी विचारांशी त्यांचा परिचय झाला. गळा आईने दिला होता. तो कोणासाठी लावायचा, याचे उत्तर तुरुंगात मिळाले.

६/१४
सुटकेनंतर ते कोल्हापूरला गेले. चित्रपटसृष्टीचे हे तेव्हाचे मोठे केंद्र. मास्टर विनायक यांच्याकडे त्यांनी काम केले आणि ‘अमर शेख’ हे नावही त्यांना कोल्हापुरातच मिळाले. पहाडी आवाज, देखणी शरीरयष्टी आणि उपजत अभिनय असूनही त्यांनी स्टुडिओ सोडून कम्युनिस्ट पक्षाचे काम पत्करले.

७/१४
१९४३ मध्ये मुंबईत ‘इप्टा’ ही जननाट्य चळवळ उभी राहिली. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णाभाऊ आणि अमर शेख यांना विद्यापीठाची पदवी नव्हती. गिरणीच्या चाळी आणि शेतकऱ्यांच्या परिषदा हेच त्यांचे रंगमंच होते.

८/१४
या पथकाने तमाशाचा साचा घेतला, पण आतला ऐवज बदलला. पारंपरिक गणातील देवस्तुतीच्या जागी मातृभूमी आणि श्रमिक यांना वंदन आले. शृंगाराच्या जागी सावकार, काळाबाजार आणि घरभाडे आले. डफ आणि तुणतुणे मात्र जुनेच राहिले. प्रेक्षकाला रूप ओळखीचे असल्याने नवा आशय परका वाटला नाही.

९/१४
हे सामर्थ्य सरकारनेही ओळखले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आणली. हाती शस्त्र नव्हते, होता केवळ डफ. तरीही ज्या श्रोत्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्याच्यापर्यंत शाहीर पोचत होता. राज्यकर्त्यांना धास्ती होती ती याची.

१०/१४
१९५५ च्या अखेरीस राज्य पुनर्रचनेच्या प्रश्नावर महाराष्ट्र पेटला. २१ नोव्हेंबरला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एकत्र आले. त्यांच्या विचारसरणी भिन्न होत्या. शाहिरांची गाणी मात्र सर्वांच्या व्यासपीठावर चालत.

११/१४
सभेची रीत ठरलेली असे. वक्ते बोलण्यापूर्वी शाहीर उभा राही. अमर शेखांचा आवाज मैदानाच्या कडेपर्यंत जाई आणि पांगलेली गर्दी सभा होऊन बसे. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड त्यांच्या गळ्यातून गावोगाव पोचली. गावी राहिलेल्या मैनेचा विरह म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाची व्यथा, हे श्रोत्याला कोणी समजावून सांगावे लागत नसे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. बेळगाव मात्र बाहेरच राहिले.

१२/१४
मैदानातील हा माणूस पडद्यावरही आला. आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटात आणि १९६१ च्या ‘प्रपंच’ मध्ये त्यांनी भूमिका केल्या. ‘प्रपंच’ मध्ये सुलोचनाबाईंसमवेत त्यांनी मुलाबाळांच्या भाराने पिचलेला कुंभार उभा केला. ज्या दारिद्र्यातून ते आले होते, तेच येथे भूमिकेचे भांडवल ठरले. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे काव्यसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक ही त्यांची लेखनसंपदा. रशियन क्रांतीच्या कवीची आठवण ठेवून अत्रे यांनी त्यांना ‘महाराष्ट्राचा मायकोव्हस्की’ म्हटले.

१३/१४
दक्षिणेत एम. जी. रामचंद्रन १९७७ मध्ये आणि एन. टी. रामाराव १९८३ मध्ये पडद्यावरील लोकप्रियतेच्या बळावर मुख्यमंत्री झाले. अमर शेखांचे राजकारण वेगळ्या जातीचे होते. सत्तेचे पद त्यांच्या वाट्याला आले नाही. पक्षाची शिस्तही त्यांच्या कवितेची अखेरची मर्यादा नव्हती. १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणाने भारतीय कम्युनिस्टांत तीव्र मतभेद उसळले असताना या लाल बावट्याच्या शाहिराने हिमालयाच्या रक्षणाची गाणी रचली आणि गावोगाव गायली.

१४/१४
१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ साठे गेले. त्यानंतर अवघ्या ४२ दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख यांचे निधन झाले. वय ५२. ज्या विद्यापीठाची पायरी ते विद्यार्थी म्हणून कधी चढले नाहीत, त्या मुंबई विद्यापीठात आज लोककलेच्या अभ्यासासाठी ‘शाहीर अमर शेख अध्यासन’ आहे.